एम.ए.चे विषय कसे निवडावेत?



बी.ए.चा निकाल लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यातील मुले-मुली एक प्रश्न हमखास विचारतात. ‘‘सर, समाजशास्त्र घेतो, पण त्यात सोपे पेपर कोणते?’’ सोपा म्हणजे कसा, असे विचारावे तर उत्तर तयार असते : ज्याचे गाईड बाजारात मिळते तो! प्रश्न विचारणाऱ्याला मी हसत नाही. घरचे धान विकून खोलीचे भाडे भरावयाचे, तेव्हा नापास होण्याची चैन कोणाला परवडणार? परंतु या हिशेबात एक मोठी चूक आहे.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत 2023-24 पासून एम.ए.चा नवा आराखडा आला. दोन वर्षे, चार सत्रे, एकूण 88 श्रेयांक. श्रेयांक म्हणजे तासांचे माप. वर्गातल्या शिकवणीचे 15 तास म्हणजे एक, आणि प्रत्यक्ष कामाचे 30 तास म्हणजे एक. आता पाहा : पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीला 4, दुसऱ्यात क्षेत्रकार्याला किंवा कामाच्या अनुभवाला 4, तिसऱ्या व चौथ्या सत्रांत संशोधन प्रकल्पाला 4 आणि 6. हे झाले 18. जवळजवळ पाचवा हिस्सा! आणि या हिश्शाचे गाईड कोणी छापू शकत नाही. म्हणून माझे सांगणे असे की, बेत शेवटाकडून करावा. चौथ्या सत्रात कोणत्या प्रश्नावर लिहिणार ते आधी ठरवा, निदान अंदाजाने, आणि मग निवडीचा एकेक पेपर त्या प्रश्नाला जोडून घ्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले. शिवाय इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, मानववंशशास्त्राचे 4. मुख्य विषय अर्थशास्त्र. एम.ए. झाली ती 1915 साली, तीही प्राचीन भारतीय व्यापारावरील प्रबंधावर. पण 9 मे 1916 रोजी त्यांनी जातिसंस्थेच्या उगमावर जो निबंध वाचला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. ते चार अभ्यासक्रम काही वेळापत्रकात जागा रिकामी होती म्हणून आलेले दिसत नाहीत; प्रश्न ते घरून घेऊन गेले होते. (हेच बाबासाहेब 1954 साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले, हे वडीलधाऱ्या श्रोत्यांनी घरोघरी ऐकलेले असेल.) इरावती कर्वे यांनीही 1928 साली मुंबईस डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए.चा प्रबंध लिहिला तो स्वतःच्याच चित्पावन ज्ञातीवर.

मग आपल्या मुलांनी प्रश्न कोठून आणावा? लांब कशाला जायचे! गावच्या तलावाच्या पाळीवर उभे राहा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी तलाव बांधले, मालगुजारीत त्यांची व्यवस्था लागली, आणि 1951 साली मालगुजारी गेल्यावर तलाव सरकारकडे आले. आज पाणी शेतकऱ्याला हवे, मासे ढिवर बांधवांच्या सोसायटीला हवेत, आणि गाळपेरीच्या जमिनीवर तिसऱ्याचाच डोळा. शेतकरी पाणी सोडा म्हणतो तेव्हा मासेमार राहू द्या म्हणतो. यात कोणाचे ऐकले जाते, आणि का? हा झाला प्रबंध. आता पेपर आपोआप पुढे येतात : ग्रामीण समाजशास्त्र, जात व वर्ग, पर्यावरणाचे समाजशास्त्र. तलाव नको असेल तर आंधळगावचा कोसा विणणारा आहे, तुमसरकडील मँगनीजच्या खाणीतला मजूर आहे, गोसीखुर्दच्या पाण्यामुळे गाव सोडलेली कुटुंबे आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. विद्यापीठाचे वेळापत्रक वेगळे आणि धानाचे वेगळे. रोवणीच्या दिवसांत प्रश्नावली घेऊन गेलात तर घरी म्हातारी आणि कुत्रे, एवढेच भेटतील. बायामाणसे सारी बांधीत. कापणी-मळणी उरकली की माणूस बोलायला मोकळा होतो. दुसऱ्या सत्राचे क्षेत्रकार्य साधारण त्याच्यानंतरच येते, ही सोय समजा. मात्र मोहफुले आणि तेंदूपाने सुरू झाली की जंगलालगतच्या गावांत सकाळी कोणी सापडत नाही, संध्याकाळी जावे. पहिल्या सत्राची संशोधनपद्धती कंटाळवाणी म्हणून टाळणारे पुष्कळ असतात. त्यांना एकच उदाहरण देतो. 1991च्या जनगणनेतला भंडारा जिल्हा आणि 2001चा भंडारा जिल्हा हे दोन निराळे आहेत, कारण 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला. हे ध्यानात न घेता कोणी आकडे शेजारी-शेजारी मांडले, तर दहा वर्षांत निम्मा जिल्हा ओस पडला असे त्याला वाटेल.

आता पालकांचा प्रश्न. तळ्यावरच्या लोकांशी बोलून नोकरी लागते काय? खरे सांगायचे तर प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत आणि उमेदवार फार. नेट परीक्षेला बसायला एम.ए.त 55 टक्के लागतात, मागासवर्गीयांना 50. तेव्हा गुणांकडे पाठ फिरवा असे मी म्हणणार नाही. पण त्या 18 श्रेयांकांत उसना मजकूर उतरवला तर तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांतच ते उघडे पडते, आणि टक्के तेथेच घसरतात. स्वतः पाहिलेले असले की मुलगी निर्भयपणे बोलते.

गावच्या शिक्षकांना एक विनंती. बी.ए. झालेला मुलगा सल्ला घ्यायला आधी तुमच्याकडेच येतो. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी त्याला आठ दिवस द्या. एकच प्रश्न तीन घरांत विचारून, जसे उत्तर मिळाले तसे, त्याच्याच बोलीत वहीत लिहून आणायला सांगा. ती वही घेऊन तो आमच्याकडे आला, म्हणजे कोणता पेपर घ्यावा हे आम्हांला बसून बोलता येईल.