ओ-लाइनची चूक ५व्या पिकला नाही, ४६व्या पिकला झाली

ड्राफ्ट जवळ आला की एक प्रश्न हमखास येतो: आपल्या टीमने पहिल्या राउंडमध्ये ऑफेन्सिव्ह लाइनमन घ्यायचा की रिसीव्हर? आज सिनसिनाटी बेंगल्सचं उदाहरण घेऊन याचं उत्तर शोधू.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ओ-लाइनमध्ये पाच जण असतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. क्वार्टरबॅकला बॉल टाकायला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, हे यांचं मुख्य काम.

नोव्हेंबर २०२०. बेंगल्सचा रुकी क्वार्टरबॅक जो बरो. दहा मॅचमध्ये ३२ सॅक खाल्ले आणि वॉशिंग्टनविरुद्ध गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. सीझन संपला. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये टीमकडे ५वा पिक होता. समोर दोन नावं: ओरेगनचा टॅकल पनेई सूल आणि बरोचा कॉलेजमधला जोडीदार, रिसीव्हर जमार चेस.

घेतला चेस. लोक म्हणाले, पोराचा गुडघा गेलाय आणि यांना रिसीव्हर सुचतोय! मीही त्यातलाच.

चेसने पहिल्याच वर्षी १,४५५ यार्ड काढले आणि टीम थेट सुपर बोलमध्ये गेली. पण रेग्युलर सीझनमध्ये बरोला ५१ सॅक पडले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. प्लेऑफमध्ये टायटन्सने एकाच मॅचमध्ये नऊ केले, तरी बेंगल्स जिंकले. मग १४ फेब्रुवारी २०२२, आपल्याकडे सोमवार. पहाटे पाचला उठून मॅच लावली. रॅम्सने सात सॅक केले. शेवटी चौथा डाउन, एकच यार्ड हवा होता. ॲरन डॉनल्ड आतून घुसला, बरोला गरागरा फिरवलं, बॉल खाली पडला. २३-२०, हरलो.

तेव्हा मी म्हटलं, बघा, सूलच घ्यायला हवा होता! आज मात्र तसं वाटत नाही.

कारण डॉनल्ड आला मधून, गार्डच्या बाजूने. टायटन्सच्या जेफ्री सिमन्सने तीन सॅक केले, तोही आतल्या फळीतला. सूल टॅकल आहे. राइट टॅकल रायली रीफ डिसेंबरमध्ये जखमी झाला, तिथे सूल नक्कीच उपयोगी पडला असता. पण मोठं भोक मध्ये होतं.

ते भोक बुजवायला बेंगल्सने दुसऱ्या राउंडमध्ये, ४६वा पिक वापरून जॅक्सन कारमन घेतला. तो कॉलेजमध्ये टॅकल खेळलेला, त्याला गार्ड बनवायचं होतं. ते काही जमलं नाही. आणि ६३व्या पिकला कॅन्सस सिटी चीफ्सने कोण उचलला? सेंटर क्रीड हंफ्री! सहाव्या राउंडमध्ये, २२६व्या पिकला, गार्ड ट्रे स्मिथ. दोघंही लगेच स्टार्टर झाले. शिवाय चीफ्सने जो थूनीला फ्री एजन्सीतून आणलं आणि ऑर्लँडो ब्राउनला ट्रेड करून. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बोलला माहोम्स जीव मुठीत धरून पळत होता, म्हणून त्यांनी एका उन्हाळ्यात अख्खी लाइन बदलली. पुढे २०२३ आणि २०२४ मध्ये लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पटकन कळतं. पाइपलाइनमधल्या चार स्टेप्स झकास चालल्या आणि एक फेल झाली, तर बिल्ड फेलच. लाइनचंही तसंच. समोरचा कोच तुमचा सगळ्यात कच्चा माणूस शोधतो आणि आपला सगळ्यात तगडा गडी त्याच्यासमोर उभा करतो.

म्हणून या वेळी ड्राफ्टच्या आधी आपल्या टीमबद्दल तीन गोष्टी बघा. पाचातला कच्चा कोण, टॅकल की गार्ड? ती जागा फ्री एजन्सीत भरली का? आणि दुसऱ्या-तिसऱ्या राउंडपर्यंत तिथे खेळणारी चांगली पोरं उरतील का? उरणार असतील, तर पहिल्या राउंडमध्ये बिनधास्त रिसीव्हर घ्या. फक्त नंतरचा पिक वाया घालवू नका.

तुमच्या टीमचा कच्चा दुवा कोण, मेसेज करून सांगा. भेटू पुढच्या भागात!