मोजमापापलीकडचे आजारपण



५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे घोषित केले. आणीबाणी संपली; अनेकांचे आजारपण मात्र संपले नाही. संसर्गानंतर महिनोन्महिने रेंगाळणारा थकवा, धाप, विस्मरण, एकाग्रतेचा अभाव या त्रासाला ‘लाँग कोविड’ हे नाव २०२० साली रुग्णांनीच दिले. संघटनेची वैद्यकीय व्याख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. म्हणजे दुखणे आधी रुग्णांनी ओळखले, शास्त्राने मागाहून.

अडचण अशी की, या विकाराचे निश्चित निदान करणारी एकही चाचणी आजही उपलब्ध नाही. रक्ताचा अहवाल अनेकदा निर्दोष असतो, छातीचा एक्स-रे स्वच्छ असतो. आणि तरीही काल जिना चढून आलेला माणूस आज अंथरुणातून उठू शकत नाही. श्रमानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी त्रास बळावणे हे या विकाराचे वैशिष्ट्यच आहे. पण घरात प्रश्न येतो, ‘रिपोर्ट चांगले आहेत, मग उठत का नाहीस?’ मोजता येत नाही ते नाहीच, असे मानणे शास्त्रीय नव्हे. रक्तदाब मोजण्याचे साधन नव्हते, तेव्हाही रक्तदाब होताच!

म्हणून कुटुंबीयांनी रोजच्या श्रमांची व त्रासाची नोंद ठेवून ती डॉक्टरांपुढे मांडावी. रुग्णाला बळेच चालवू नये. कामे त्याच्या शक्तीनुसार विश्रांती देत वाटून द्यावीत. चाचणी सापडेल तेव्हा सापडेल. तोवर रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवणे, हे आपले कर्तव्य आहे.