उभे राहण्याचे मोजमाप

मनुष्य दोन पायांवर उभा राहतो, ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिच्यात काही कौशल्य असेल असे कोणास वाटत नाही. वस्तुतः निश्चल दिसणारा मनुष्यही किंचित डोलतच असतो. डोळे, पायांचे स्नायू व तळवे आणि कानाचा आतील भाग त्या डोलण्याची वार्ता मेंदूला देतात आणि मेंदू शरीर सावरून धरतो.

म्हणूनच म्हैसूरच्या मानसगंगोत्रीत १९६६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत ऐकण्याच्या तक्रारींबरोबर तोलाचीही तपासणी होते. आंतरकर्णात श्रवणेंद्रियाच्या शेजारीच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन इवल्या पिशव्या आहेत. नलिका मस्तकाचे वळणे ओळखतात. पिशव्या सरळ रेषेतील गतीचा बदल व गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतात.

तोलाची एक कसोटी जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे वैद्य रोंबेर्ग यांच्या नावाने ती रूढ झाली. पाय जुळवून उभे राहावयाचे आणि डोळे मिटावयाचे. डोळ्यांचा आधार सुटला की दडलेले वैगुण्य प्रकट होते. रात्री दिवा न लावता न्हाणीघराकडे निघालेली आजी एका अर्थी हीच परीक्षा देत असते. ती किती कठीण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजावरून दिसते. जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत वृद्धांचा वाटा मोठा असतो.

मात्र थोडेसे वाढलेले डोलणे परीक्षकाच्या नजरेतून निसटते. तेथे अंगावर बांधावयाचे गतिसंवेदक उपयोगी पडतात. कमरेला पट्ट्याने अडकविलेल्या काडेपेटीएवढ्या यंत्रात दोन मापक असतात. एक सरळ गतीतील बदल टिपतो, दुसरा वळण्याचा वेग. निसर्गाने कानात केलेली कामाची वाटणी ती हीच! उघड्या व मिटल्या डोळ्यांनी उभे राहतानाचे आलेख मग शेजारी ठेवून पाहता येतात. प्रयोगशाळेतील जड फलक खेड्यात नेणे अवघड. ही पेटी खिशातून नेता येते.

तथापि यंत्र डोलणे किती ते सांगते, का ते सांगत नाही. कंपवाताने ताठरलेला रोगी कमी डोलूनही पडू शकतो. आलेख वाचावयास जाणता परीक्षक हवाच. आणि डोळे मिटून उभ्या राहिलेल्या रोग्याला सावरण्यासाठी जवळ माणसाचे हातही हवेत.