काळं फळ, पांढरा चीक : करवंद ओळखताना

रायपूरच्या समता कॉलनीतून बोलतोय. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : ती ‘चोकबेरी’ आपल्या रानात मिळते का? नाही मिळत. ती उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली, दलदलीच्या काठची, थंडी मागणारी. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एवढंच सांगतो, फळ आडवं कापा. चोकबेरीत सफरचंदासारख्या बारीक बिया दिसतात. आत एकच टणक आठळी निघाली तर ती चोकचेरी, आणि तिच्या आठळीतला गर विषारी असतो.

आता आपल्याकडचं. तशीच तुरट-आंबट, काळी, झुडपावरची म्हणजे करवंद. इथे शेजारी ‘करौंदा’ म्हणतात, पण बाजारात पावसाळ्यात येतो तो मोठा, गुलाबी-पांढरा, लोणच्याचा. तो लागवडीचा. रानातलं करवंद लहान असतं आणि पिकलं की काळंभोर होतं. सह्याद्रीत जांभ्या दगडाच्या सड्यांवर आणि डोंगरउतारावर त्याच्या जाळ्या असतात. इकडे मध्य भारतात पानगळीच्या रानाच्या कडेला, मुरमाड उघड्या जमिनीवर शोधा. दाट सावलीत वेळ घालवू नका.

ओळख कशी पटवायची? आधी फळाकडे बघूच नका, काटा बघा. पानांच्या बेचक्यातून जोडीने निघणारे ताठ काटे, कित्येकदा टोकाशी दुभंगलेले. पानं समोरासमोर, जाडसर, चकचकीत. फूल पांढरं, चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं, वासाचं. पान तोडलं की पांढरा चीक येतो.

आणि या चिकापाशीच मला आज थांबायचंय. ‘पांढरा चीक आणि काळं फळ म्हणजे करवंद’ हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. आपल्या कॉलन्यांमध्ये कुंपणाला हौसेने काय लावतात? पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. ती करवंदाच्याच कुळातली. तिलाही पांढरा चीक, तिचंही हिरवं फळ पिकून काळं पडतं. त्यातली बी थेट हृदयावर परिणाम करते, जीवही जातो. सुट्टीत पोरं त्या बियांनी खेळतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. फरक सोपा आहे. बिट्टीला काटा नाही. पानं लांब, अरुंद, फांदीभोवती फिरत गेलेली. फळ कोनदार, आत एकच टणक बी. करवंद गोलसर, मऊ, आत काही चपट्या बिया.

घाणेरीचीही काळी फळं असतात, पण ती मिरीएवढी, झुबक्यात. पान चुरगाळलं की उग्र वास येतो. तिची कच्ची फळं तर अजिबात नकोत.

मुलाने बिट्टी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी तो बरा दिसतोय म्हणून वाट बघू नका. फांदी आणि फळ सोबत घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. ताक, तूप, मीठ-पाणी काहीही नको.

करवंद मात्र मुलांना जरूर द्या. फोडायच्या आधी ‘कोंबडा की कोंबडी’ विचारा. आतून लाल निघालं तर कोंबडा! इथल्या पोरांना हा खेळ मी शिकवलाय, ती हिंदीत ‘मुर्गा-मुर्गी’ म्हणतात. खाऊन झाल्यावर बिया धुऊन लगेच पेरा, वाळवून ठेवल्या तर उगवण पार घटते. दोन-तीन पावसाळ्यांत त्या बिट्टीच्या जागी काटेरी कुंपण उभं राहील.