शिल्लक जुळली पाहिजे

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"काका, दहा मिनिटं बोला, पण बँकेचे किस्से नकोत," अशी तंबी सेक्रेटरींनी मला दिली आहे. म्हणून न्यूझीलंडचा किस्सा सांगतो. बँक त्यात आपोआप येईल, त्याला माझा इलाज नाही.

आमचे चिरंजीव ऑकलंडला असतात. 2023 च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. मुलाने एक जुनी कॅम्परव्हॅन घेतली होती. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचं वन-रूम-किचन. तिच्यातून फेरीबोटीने दक्षिण बेटावर जायचं ठरलं. माझी एकच काळजी होती. हिला मधुमेह आहे आणि दोन महिन्यांचं इन्सुलिन बरोबर होतं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. म्हणजे गाडीतला फ्रिज बंद पडून चालणार नव्हतं.

गाडीच्या छपरावर 200 वॅटचं सोलर पॅनल आणि सीटखाली 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. पूर्ण भरली तर त्यात सव्वा युनिट वीज मावते. आपल्याकडचा दोन किलोवॅटचा गीझर तेवढी वीज पाऊण तासाच्या आत संपवतो. त्यामुळे चहा गॅसवर, इलेक्ट्रिक किटलीला बंदी. तिथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून गाडी उभी करताना उत्तरेला मोठं झाड नको, हेही बघायचं.

मुलगा म्हणाला, "बाबा, बॅटरीवर लक्ष ठेवायचं खातं तुमच्याकडे." मी खूश! भिंतीवर एक छोटा स्क्रीन होता. मी विचारलं, व्होल्टेज बघून शिल्लक कळत नाही का? तो म्हणाला, लिथियमचं व्होल्टेज बराच काळ जवळजवळ तेवढंच राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. म्हणून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर शंट नावाची पट्टी बसवतात. आत येणारा आणि बाहेर जाणारा करंट ती मोजते आणि त्यावरून स्क्रीन टक्के दाखवतो. मी म्हटलं, म्हणजे पासबुकच की! जमा सूर्याची, नावे आपल्या.

मी वही घातली. सकाळची शिल्लक, रात्रीची शिल्लक, काय काय चाललं, सगळं लिहायचो. सून हसायची.

पश्चिम किनाऱ्यावर होकिटिका नावाचं गाव आहे. पावसाचा मुलूख, आपलं कोकणच म्हणा. तिथे पाऊस लागला म्हणून मुक्काम वाढवला. ऊन नाही, गाडी उभी, त्यामुळे इंजिनकडूनही भरणा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्क्रीनवर 90 टक्के. मला ते खटकलं. जमा इतकी कमी, आणि शिल्लक जागची हलत नाही? आणखी एक गोष्ट दिसली. फ्रिज घूं घूं सुरू झाला की स्क्रीनवरचा करंट वाढायला हवा. तो वाढतच नव्हता.

इथे माझी चूक झाली. छत्तीस वर्षं बँकेत काढली. दहा रुपयांचा फरक आला तरी रात्री नऊपर्यंत बसून शोधलेला माणूस मी. पण इथे गप्प राहिलो. मनात म्हटलं, गाडी मुलाची, यंत्र नवीन, आपल्याला सत्तरीत काय कळतंय?

तिसऱ्या रात्री अडीच वाजता जाग आली. फ्रिजचा आवाज नव्हता. दिवा लावला, लागेना. स्क्रीनही काळा. झोपताना त्यावर 86 टक्के होते! बॅटरीच्या आत एक संरक्षक सर्किट असतं. ती फार उतरली की ते पुरवठा तोडतं.

मुलाला उठवलं. त्याने अर्धा तास इंजिन चालवून बॅटरीला थोडा भरणा केला आणि फ्रिज सुरू झाला. थंडीच्या दिवसांमुळे आत 7 अंशच होते, इन्सुलिन वाचलं. सकाळी शेजारच्या गाड्यांची माफी मागितली, ते वेगळंच.

मग मी वही पुढे केली. मुलाने सीट उचलून बघितलं. आधीच्या मालकाने फ्रिजची निगेटिव्ह वायर शंट सोडून थेट बॅटरीला जोडली होती. फ्रिज रोज तीसेक अँपिअर-अवर काढत होता आणि त्याची नोंदच होत नव्हती. म्हणजे व्हाउचरशिवाय पैसे काढणं! इतके दिवस कळलं नाही, कारण रोज प्रवासात बॅटरी पूर्ण भरायची आणि मॉनिटर आपोआप 100 टक्क्यांवर यायचा. जुना फरक पुसला जायचा. वायर शंटच्या पलीकडे घेतली, फ्रिज घुमला आणि स्क्रीनवर उणे चार अँपिअर उमटले. मुलगा म्हणाला, "बाबा, परवाच का नाही बोललात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता सोसायटीचं. आपल्या जिन्याच्या दिव्यांना इन्व्हर्टर आहे. हिरवा दिवा लागलेला दिसतो आणि आपण निर्धास्त असतो. त्या दिव्यावरून बॅटरीत दम किती उरलाय ते कळत नाही. माझी सूचना आहे की दर महिन्याला एकदा इन्व्हर्टरचा मेन बंद करून जिना बॅटरीवर अर्धा तास चालवून बघावा आणि मीटर रूममधल्या वहीत नोंद करावी. वही मी देतो, पहिले सहा महिने नोंदही मीच करतो.

आणि माझ्या वयाच्या मंडळींना एक विनंती. आकडा खटकला तर बोला. चुकलो तर मुलं हसतील, हसू देत. पण बोलायचं राहून गेलं तर रात्री अडीचला जाग येते.