बारावीनंतरचा एक फॉर्म

(मदतगार मंडळींच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या बोर्डिंगमधल्या मुलांसाठी तुम्ही दर वर्षी अर्पण पाठवता. धान्य, वह्या, स्वेटर, औषधं, सगळ्याचा हिशेब वार्तापत्रात छापून येतो. आज मी ज्या खर्चाबद्दल बोलणार आहे, तो त्या हिशेबातल्या कुठल्याच रकान्यात अजून नाही. म्हणून जरा सविस्तर बोलते.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरची मुलगी आहे. नाव सांगत नाही, कारण तिच्या घरच्या आजाराबद्दल बोलावं लागणार आहे आणि आपल्याकडे आजाराची गोष्ट लग्नाच्या गोष्टीपर्यंत फार लवकर पोचते. आश्रमशाळेत मराठीतून दहावी, मग तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजीतून अकरावी-बारावी सायन्स. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा एमबीबीएसपर्यंत पोचली नाही. घरी आता दोनच वाटा बोलल्या जातात, पोलीस भरती नाही तर लग्न. ती मात्र म्हणते, "ताई, मला रक्ताचं शिकायचंय."

तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. थंडी पडली की, किंवा उन्हात पाणी न पिता राबला की, त्याच्या हातापायांत अशा कळा येतात की घरातलं कुणी झोपत नाही. आधी भगत झाला, मग इंजेक्शनवाला झाला, आणि मग कधीतरी रक्ताची चाचणी झाली. आरोग्य केंद्रात पहिली जी साधी चाचणी होते, तिच्यात रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि ते गढूळ झालं का पाहतात. गढूळ झालं म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन आहे, एवढंच कळतं. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण आहे, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढची, यंत्रावरची तपासणी लागते. पहिला कागद हातात पडल्यापासून दुसरा येईपर्यंत त्या घराचे दिवस कसे गेले, ते हिने पाहिलंय. ही तपासणी कोण करतं, कशी करतं, हा तिचा प्रश्न तिथूनच आला.

मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा घेतलेली बाई, विज्ञानाची नव्हे. पण तिच्यामुळे वाचायला लागले. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन पहिल्यांदा छापलं. ज्याच्या रक्तात त्या सापडल्या तो तरुण ग्रेनाडा बेटावरून दातांचा डॉक्टर व्हायला तिकडे गेलेला विद्यार्थी होता. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे काही वर्षांत इंग्रम यांनी तो नेमका शोधला: साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्याशा अदलाबदलीनं चार महिने जगणारी तांबडी पेशी दोन-तीन आठवड्यांतच मरते. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा आजार नोंदवला गेला. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली; ७ कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य आहे. आता मला सांगा, सत्तर वर्षं रक्त आदिवासींचं आणि सूक्ष्मदर्शकाला लावलेला डोळा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा. त्या मुलीला ती खुर्ची बदलायची आहे. मला यात काही वावगं दिसत नाही.

तर तिला हवी असलेली पदवी म्हणजे बायोमेडिकल सायन्स. वडिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, मग डॉक्टर होईल का ती?" नाही होणार. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, तुम्हालाही सांगते. या पदवीवर दवाखाना टाकता येत नाही. यात शरीराची रचना, जीवरसायन, आनुवंशिकता, रोगप्रतिकार, जंतू, औषधं शरीरात काय करतात, हे शिकतात आणि पुढे एमएस्सी, संशोधन, औषधं किंवा तपासणीच्या क्षेत्रात जातात. बायोमेडिकल इंजिनिअरिंग वेगळं, ते यंत्रांचं. आणि लॅब टेक्निशियनचा कोर्स आणखी वेगळा. ज्या घराला तीन वर्षांत पगार हवाच आहे, त्या मुलाला मी लॅब टेक्निशियनच्या कोर्सलाच पाठवीन. तेही देवाचंच काम आहे आणि गावात त्याची गरज जास्त आहे. ही पदवी लांबच्या वाटेची आहे. हिला ती वाट झेपेल असं तिच्या शिक्षकांना वाटतं, मलाही वाटतं.

दिल्ली विद्यापीठाच्या तीन कॉलेजांत हा कोर्स आहे: आचार्य नरेंद्र देव, भास्कराचार्य आणि मुलींसाठीचं शहीद राजगुरू. २०२२पासून प्रवेश सीयूईटी या परीक्षेतून होतो. केंद्रीय विद्यापीठ असल्यानं अनुसूचित जमातींना साडेसात टक्के जागा राखीव आहेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हे विषय आणि एक भाषा द्यावी लागते. भाषा म्हणून मराठी घेता येते, हे आमच्या कॉलेजच्या मुलांना ठाऊकच नसतं. सगळी घाबरत घाबरत इंग्रजी लिहितात. विषयांचे पेपरही मराठीतून मिळू शकतात. मात्र इथे मी थांबवते. ज्या मुलीनं दोन वर्षं 'मायटोकॉन्ड्रिया' आणि 'इक्विलिब्रियम' म्हणत अभ्यास केला, तिनं मातृभाषेच्या प्रेमापोटी विज्ञानाचा पेपर मराठीत मागू नये. (खरं तर तिची मातृभाषा पावरी आहे. पावरीत पेपर मिळत नाही.) बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलेल्याला १ वजा, म्हणून आश्रमशाळेची 'काहीतरी लिहून या' ही सवयही सोडवावी लागते.

सगळ्यात जास्त मुलं गळतात ती परीक्षेत नाही, कागदांत. फॉर्म वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत निघतो आणि तारीख दर वर्षी वेगळी असते. त्याच काळात पाड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत असतात. ओटीपी बापाच्या मोबाइलवर जातो, बाप उसाच्या फडात, मोबाइलला चार्जिंग नाही. दाखल्यावर आडनाव 'पावरा', आधारवर 'पावारा'. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून, तोही केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्यातला साधा दाखला लावून मुलं मोकळी होतात आणि पडताळणीत अडकतात. जात वैधता काढायची तर १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेलेच नव्हते, मग कोतवाल बुकाची नक्कल शोधा. आणखी एक, इथे बसलेल्या अनेकांच्या मनात असलेली शंका: ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाला हा दाखला मिळतो का? अनुसूचित जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. त्यामुळे फॉर्मवर धर्माच्या रकान्यात खरं तेच लिहायचं. भीतीपोटी मुलांना दुसरं काही लिहायला सांगू नका.

मग सीयूईटी झाली, निकाल आला, की मुलं वाट पाहत बसतात, पत्र येईल म्हणून. पत्र येत नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवर पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागते, कॉलेज आणि कोर्स पसंतीक्रमानं भरावे लागतात. जागा मिळाली की दिलेल्या मुदतीत 'स्वीकार' दाबावा लागतो आणि फी भरावी लागते. ती मुदत चुकली की मिळालेली जागा जाते. त्या दिवशी पाड्यावर रेंज नव्हती, हे कारण तिथे कुणी ऐकत नाही.

आता खर्चाचं. केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, आणि ती आपलं राज्य देतं. पण आधार जोडलेल्या खात्यात पैसे येईपर्यंत सत्र निघून जातं. वसतिगृहाची जागा मिळेलच असं धरून चालता येत नाही. दिल्लीची थंडी, गाडीभाडं, खोलीचं डिपॉझिट, हे सगळं पहिल्या दोन महिन्यांतच अंगावर येतं. कोर्स चार वर्षांचा आहे. तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं.

लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे, आधी बसून खर्चाचा हिशेब करणाराचा. तो आपण नेहमी शिष्यत्वावर ऐकतो. मी तो या मुलीच्या वडिलांसमोर बसून वाचला आणि मग आम्ही वहीत आकडे मांडले. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पहिल्या वर्षाला एक बैल विकेन. दुसऱ्या वर्षाला विकायला काही नाही, ताई." समितीतल्या एका ज्येष्ठ बंधूंनी मला विचारलं, एवढ्या पैशात चार मुली नर्सिंगला जातील, मग एकीवर का? प्रश्न रास्त आहे. नर्सिंगचं काम मी बंद करा म्हणत नाही. पण दर वेळी आदिवासी मुलीसाठी स्वस्तातली वाटच आधी का निघते, हेही आपण एकदा बोललं पाहिजे. आणि चार वर्षांचा शब्द देता येत नसेल, तर पहिल्या वर्षाचे पैसे देऊ नका. अर्ध्यातून परत आलेल्या मुलीला पाड्यावर काय ऐकावं लागतं, ते मला माहीत आहे.

म्हणून तीन गोष्टी मागते. चार वर्षांसाठी दर महिन्याला ठरावीक रक्कम देणारी दहा कुटुंबं. दिल्लीत राहणारं कुणाचं तरी नात्यातलं घर, जे तिला स्टेशनवरून घेईल आणि पहिला आठवडा ठेवून घेईल. आणि तुमच्या मंडळीतला संगणक येणारा एक तरुण, जो जानेवारीपासून जुलैपर्यंत दर शनिवारी बोर्डिंगच्या ऑफिसात बसेल, कारण फॉर्म भरणारी ती एकटी नाही, या वर्षी बारावी सायन्सची आणखी सहा मुलं आहेत. नावं जेवणाच्या सुटीत पाळकसाहेबांकडे द्या. तिचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला अजून आलेला नाही. सोमवारी मी प्रांत ऑफिसला जाणार आहे.

तुमचे प्रश्न असतील तर आता विचारा.