कॅमेऱ्याला गाव सांगावे लागते

देवळाच्या कट्ट्यावर बसून असलेला एखादा म्हातारा तुमच्याही गावात असेल. परका माणूस वेशीतून आत आला, की तो कुठल्या आळीने गेला हे बाबा बसल्या जागी सांगतात. त्यांच्याजवळ डोळे आहेत, आणि डोक्यात गावचा नकाशा आहे.

शहरात या दोन गोष्टींची फारकत झाली. २००८ च्या नोव्हेंबरातल्या हल्ल्यानंतर मुंबईत कॅमेरे बसवायचे ठरले. २०१६ पर्यंत सुमारे दीड हजार ठिकाणी ४,७०० च्या आसपास कॅमेरे लागले. आता एवढी चित्रे भिंतीवर मांडली, तर माणसाने पाहायचे काय? रस्ता दिसतो, बस दिसते. पण हा रस्ता कुठला, ते चित्र बोलत नाही.

म्हणून त्याला नकाशाची जोड द्यायची. तलाठ्याच्या नकाशावर गट नंबर असतो ना, तसा इथे प्रत्येक कॅमेऱ्याला नंबर. त्याचे अक्षांश-रेखांश, खांबाची उंची, तोंडाची दिशा संगणकात नोंदवली, की नकाशावर त्याच्यापुढे सुपासारखा त्रिकोण उमटतो. सुपात आले ते दिसते, बाहेरचा अंधार. बाजारात पोर चुकले, ११२ वर फोन आला, की त्या जागेजवळचे कॅमेरे आधी उघडायचे, मग पुढच्या गल्लीतले.

पण नोंद चुकली तर? अक्षांशाच्या तिसऱ्या दशांशस्थळी एकाचा फरक पडला, तर जागा सुमारे १११ मीटर सरकते. रस्ता खोदताना खांब हलवला आणि नकाशा तसाच राहिला, तरी तेच. शिपाई भलत्याच गल्लीत धावतो, आणि यंत्राला त्याची लाजही नाही!

दुसरी गोष्ट मला अधिक खुपते. कट्ट्यावरचे बाबा विसरतात. यंत्र, पुसल्याशिवाय, विसरत नाही. चित्र आणि जागा जुळली, की एखादी बाई दिवसभर कुठे कुठे गेली याची साखळी जुळवता येते. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे. तेव्हा चौकात कॅमेरा लागला, तर ती चित्रे कोण पाहणार नि किती दिवस ठेवणार, हे ग्रामसभेत खुशाल विचारा.

गुरुजी, तुमच्यासाठी एक काम. शाळेत कॅमेरे असतील, तर मुलांकडून आवाराचा नकाशा काढून घ्या, त्यावर ही सुपे आखायला सांगा. कुठली जागा कोरी राहते ते पाहा. पोरांना ती बहुधा आधीच ठाऊक असेल!